गोवळकोंड्याचे हिरे आणि टॅव्हर्निये

गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची कीर्ती जगभर पसरली. परंतु त्या किल्ल्यात हिऱ्यांची खाण कधीच नव्हती. खाणी कित्येक दिवसांच्या वाटेवर होत्या. गोवळकोंडा ही त्यांची पेठ. त्या खाणी प्रत्यक्ष पाहून त्यांचा वृत्तान्त लिहून ठेवणाऱ्यांत फ्रेंच जवाहिऱ्या ज्याँ बाप्तिस्त टॅव्हर्निये अग्रगण्य होय.

त्याचा जन्म १६०५ मध्ये पॅरिस येथे झाला. घरात नकाशांचा व्यवसाय असल्याने देशाटनाची ओढ त्याला बालपणीच लागली. १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले. पहिला इराणपर्यंत झाला. पुढील पाचही प्रवासांत तो हिंदुस्थानात आला. महाराष्ट्राला परिचित असलेला शायिस्तेखान हा त्याचे एक मोठे गिऱ्हाईक होता. १६६५ मध्ये औरंगजेबाचे जवाहीर पाहण्याचा मानही त्याला मिळाला.

आदिलशाही मुलखातील रावळकोंडा आणि कुतुबशाहीतील कृष्णाकाठचे कोल्लूर या खाणी त्याने पाहिल्या. कोल्लूरचा शोध एका गरीब माणसाला पेरणीसाठी जमीन तयार करताना लागला, अशी हकिकत त्याने नोंदली आहे. पुरुष माती खणत, स्त्रिया व मुले ती वाहून नेत; मग ती धुऊन, वाळवून, पाखडून हिरे वेचले जात. तेथे सुमारे साठ हजार माणसे राबत होती, असा त्याचा अंदाज. रावळकोंड्याच्या कुशल कामगाराला मात्र वर्षाकाठी अवघे तीन होन मिळत. एखादा मजूर खडा गिळून टाकी, म्हणून पहारेकरी ठेवलेले असत. प्रत्येक खरेदीवर राजाला शेकडा दोन द्यावे लागत.

कच्च्या हिऱ्यांचा सौदा मुक्याने होई. घेणारा व देणारा समोरासमोर बसत आणि वस्त्राखाली हात धरून भाव ठरवीत. सबंध हात धरला की हजार, एक बोट धरले की शंभर, मधल्या पेरापर्यंत धरले की पन्नास. शेजारी बसलेल्यालाही किंमत कळत नसे. दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले झाडाखाली काटा व थैली घेऊन बसत आणि अचूक पारख करीत. या मुलांचे त्याला मोठे कौतुक वाटले.

सहाव्या प्रवासाहून परतल्यावर त्याने चौदाव्या लुईला पुष्कळ हिरे विकले. त्यांत शंभरांहून अधिक कॅरटचा एक निळा हिराही होता. तो कोल्लूरचा असावा, असे मानले जाते. टॅव्हर्नियेला सरदारकी मिळाली. १६७० मध्ये त्याने ओबोनची जहागीर विकत घेतली. १६७६ मध्ये त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु जहागीर टिकली नाही. वार्धक्यात तो पुन्हा प्रवासाला निघाला आणि १६८९ मध्ये मॉस्को येथे त्याचा अंत झाला.

निळ्या हिऱ्यावर १६७३ मध्ये नवे पैलू पाडले गेले. १७९२ मध्ये तो चोरीस गेला. त्याचाच उरलेला अंश असलेला ‘होप’ हिरा १९५८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ज्यांनी असे हिरे मातीतून काढले, त्यांतील एकाचेही नाव उरलेले नाही. त्यांचे कष्ट आणि त्यांची तीन होनांची मजुरी आज आपल्याला कळते, ती या व्यापाऱ्याने लिहून ठेवली म्हणून. त्याने नेलेल्या हिऱ्यांचे धनी बदलत गेले; त्याचा ग्रंथ मात्र सर्वांचा झाला.