गंजिफांच्या मागावर एक भूगर्भशास्त्रज्ञ

तळहातावर मावेल असा वाटोळा पत्ता, वर लाखेची चकाकी, रंगीत पार्श्वभूमीवर चार रेषांत बसविलेला एखादा देव. पेशवाईच्या काळात मराठी वाड्यांमधून गंजिफांचे डाव रंगत असत. छापील इंग्रजी पत्ते स्वस्त झाले, तसे हे संच माळ्यावर गेले, आणि माळ्यावरून बरेचसे चुलीत. जे वाचले त्यांपैकी कितीतरी शोधून काढण्याचे, ताडून पाहण्याचे आणि त्यांची नोंद करण्याचे श्रेय एका जर्मन गृहस्थाकडे जाते. मुंबईच्या चित्रकलेच्या इतिहासात रुडॉल्फ फॉन लायडन हे नाव सर्वांना ठाऊक आहे. गंजिफांचे अभ्यासक म्हणून मात्र त्यांची आठवण फारच थोडे लोक काढतात.

लायडन यांचा जन्म १९०८ सालचा, बर्लिनचा. वडील प्रशियाच्या शासनातील वरिष्ठ अधिकारी. आईचे घराणे मूळचे ज्यू. लायडन यांनी भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. सरळ चालले असते, तर त्यांचे आयुष्य एखाद्या जर्मन विद्यापीठात खडकांचे नमुने तपासण्यात गेले असते. परंतु १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि आईच्या कुळाची नोंद हीच मुलाच्या भवितव्याची मर्यादा ठरली. त्याच वर्षी त्यांनी मुंबई गाठली. बंधू आल्ब्रेश्ट हे अॅग्फा कंपनीच्या नोकरीनिमित्त तेथे आधीच होते. पुढे आईवडिलांनाही भारताचाच आसरा घ्यावा लागला.

मुंबईत खडकांच्या विद्येला गिऱ्हाईक नव्हते. लायडन यांनी जाहिरातकलेचा व्यवसाय धरला, मग 'टाइम्स ऑफ इंडिया'त शिरले. तेथे त्यांनी व्यंगचित्रे काढली आणि कलासमीक्षा लिहिली. पुढे फोल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीत आणि त्या पेढीचा व टाटांचा मिळून १९५४ मध्ये जो 'व्होल्टास' उद्योग उभा राहिला त्यात त्यांनी काम केले. दिवसा कंपनीचे काम, संध्याकाळी चित्रकारांच्या खोल्या, असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला.

त्या खोल्यांतून काय निघाले, ते सर्वश्रुत आहे. घरकाम करून आणि मोटारी धुऊन पोट भरणाऱ्या के. एच. आरा यांच्या हातातील कला ज्यांनी ओळखली त्यांत लायडन अग्रभागी होते. हिटलरच्याच तडाख्याने मुंबईत येऊन पडलेले वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या जोडीने त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'च्या तरुणांना मार्गदर्शन, गिऱ्हाईक आणि वृत्तपत्रातील जागा मिळवून दिली. या गटातील सय्यद हैदर रझा आणि विदर्भाचे हरी अंबादास गाडे या दोघांचेही कलाशिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झाले होते, हे येथील वाचकांना सांगायला हवे. गटाचे पहिले मुंबई प्रदर्शन भरले १९४९ मध्ये. त्याच वर्षी मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' त्रैमासिकात लायडन यांचा भारतीय खेळपत्त्यांवरील दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. नव्यातल्या नव्या चित्रांची पाठराखण करणारा हा माणूस त्याच काळात जुन्या बाजारांतून आणि पडक्या वाड्यांतून गंजिफा गोळा करीत होता.

गंजिफांचा खेळ इराणमार्गे भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफांचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या संचाचे वर्णन अबुल फजलने केले आहे. सर्वत्र रुळला तो मात्र आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा मुघल संच. हिंदू चित्रकारांनी या साच्यात विष्णूचे दहा अवतार बसविले आणि १२० पत्त्यांची दशावतारी गंजिफा जन्माला आली. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा पत्ते. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या हाती चाळीस पत्ते, हुकूम नाही. दिवसा रामाच्या राजाने उतारी करायची, रात्री कृष्णाच्या. एवढे सगळे डोक्यात ठेवून खेळणाऱ्या बायका-पुरुषांना कोणी अडाणी म्हणू नये!

लायडन यांच्या अभ्यासाची मौज त्यांच्या पद्धतीत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ एकच थर निरनिराळ्या प्रांतांत कसा दिसतो ते पाहतो आणि त्यावरून उलथापालथींचा माग काढतो. लायडन यांनी पत्त्यांच्या बाबतीत तेच केले. सुटा पत्ता सुंदर आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. एकाच पत्त्याचे अनेक प्रांतांतील अवतार शेजारी शेजारी मांडायचे आणि फरक कोठे पडतो ते पाहायचे. रामाच्या रंगाची खूण एके ठिकाणी बाण, दुसरीकडे धनुष्य, तिसरीकडे चक्क वानर. नरसिंहासाठी कोठे चक्र, कोठे सिंह. वामनाला कोठे कमंडलू, कोठे छत्री. सावंतवाडीच्या चितारींचा हात वेगळा, ओडिशाच्या चित्रकारांचा वेगळा, बंगालमधील बिष्णुपूरच्या फौजदार घराण्याचा आणखी वेगळा. पण राजा, प्रधान आणि दहा पत्ते हा सांगाडा सर्वत्र तोच.

या दृष्टीने नवव्या अवताराचा राजा हा सर्वांत बोलका पत्ता म्हणावा लागेल. पुराणांच्या यादीप्रमाणे तेथे बुद्ध हवा. रंगाची खूणही कोठे कमळ, कोठे शंख अशी मिळते. पण बिष्णुपूरच्या पत्त्यावर बुद्धाच्या जागी चक्क जगन्नाथ उभा असतो, वाटोळ्या डोळ्यांचा आणि हातांच्या जागी नुसती खुंटे असलेला. ओडिशात जगन्नाथालाच नववा अवतार मानण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात जुन्या पंचांगांतील आणि काही मंदिरांवरील दशावतारांत याच जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल दिसतो. बुद्धाचे नाव राहिले, चेहरा मात्र त्या त्या प्रांताच्या लाडक्या देवाचा आला. ओडिशा १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. सक्करदरा-नंदनवन भागात ज्या भोसल्यांचे नाव आजही रोजच्या बोलण्यात येते, त्यांच्याच राज्यात पुरीचा जगन्नाथही येत होता. मग पंढरीचा विठोबा आणि पुरीचा जगन्नाथ एकाच रिकाम्या जागेचे मानकरी ठरले, यात नवल ते काय?

नागपूरच्या वाचकाला मात्र हा पत्ता एवढ्यावर खाली ठेवता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली. चितारी ज्या जागेवर सहजपणे जगन्नाथ किंवा विठ्ठल रंगवीत होते, तेथे शतकानुशतके कोणाला तरी झाकले जात होते, ही जाणीव त्यामागे होती. पत्त्याची चित्रे जुळवून पाहिली की हे झाकणे डोळ्यांना दिसते. ज्याला स्वतःच्या देशात वंशाच्या नोंदीवरून पुसले गेले, त्या संशोधकाच्या शिस्तीतून ही तुलना शक्य व्हावी, हा योगायोग लहान नव्हे.

लायडन यांनी सर्वाधिक जीव लावला तो म्हैसूरच्या पत्त्यांना. मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४ ते १८६८) यांच्या हातून १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला. रिकाम्या झालेल्या त्या राजाने विद्वान आणि चित्रकार जमवून खेळांचे एक जगच रचले. 'श्रीतत्त्वनिधी' या त्यांच्या प्रचंड ग्रंथात 'छद' नावाच्या नव्या पत्त्यांची वर्णने आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या संचात ३६० पत्ते! इतक्या पत्त्यांचा डाव कोणी पुरा खेळला असेल, असे वाटत नाही. ग्रंथातील वर्णने आणि निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेले पत्ते यांची सांगड घालून लायडन यांनी १९७३ मध्ये 'छद'वर पुस्तक प्रसिद्ध केले. राज्य गमावलेल्या राजाने नुसत्या चित्रांवर राज्य उभारावे आणि देश गमावलेल्या माणसाने ते पुन्हा जुळवावे, असा हा प्रकार.

युरोपात त्याच सुमारास टॅरो पत्त्यांविषयीचे गैरसमजही दूर होत होते. हे पत्ते इजिप्तच्या पुजाऱ्यांचे गूढ ज्ञान आहे, असे पुष्कळांना वाटे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० च्या ग्रंथात दाखवून दिले, की टॅरो हा पंधराव्या शतकातील इटलीचा साधा खेळ होता. भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटली. टॅरोमधील पेले, नाणी, तलवारी आणि दंड या खुणा मुळात इजिप्तच्या मामलुक राजवटीतील पत्त्यांवरून आलेल्या. देवादिकांची चित्रे असूनही गंजिफा मात्र खेळच राहिली. तिच्यातून कोणी नशीब वाचले नाही. हरले ते पैसे, आणि क्वचित इभ्रत.

जर्मनीत लाइनफेल्डन येथे खेळपत्त्यांचे संग्रहालय आहे. तेथील भारतीय पत्त्यांची तपशीलवार सूची लायडन यांनी १९७७ मध्ये तयार केली. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने गंजिफांचे प्रदर्शन भरविले, त्याची पुस्तिकाही त्यांचीच. आजही या विषयावर लिहू पाहणाऱ्याला तेथूनच सुरुवात करावी लागते. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्यांचे निधन झाले.

त्याआधी सत्तरच्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चितारीकडून ही कला राजवाड्यात पुन्हा सुरू करून घेतली होती. तेथे कारागीर आजही दशावतारी संच रंगवितात. ते विकतही घेतले जातात, बहुधा काचेच्या चौकटीत बसविण्यासाठी. रात्री कृष्णाच्या राजाने उतारी करणारे घर आता शोधावे लागते.