गृहस्थाश्रमातील पाळक : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा संसार आणि श्रद्धा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. भजनात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली, चिखल तुडवताना, त्यांचेच रांगते मूल आले, ही कथा मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र या कथेचा उत्तरार्ध सहसा घाईने सांगितला जातो. पत्नीने संतापाने विठ्ठलाची शपथ घालून पतीचा स्पर्श नाकारला, घर दुभंगले, आणि पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात ते पुन्हा सांधले गेले. भक्ताच्या भक्तीचे मोल त्याच्या घरातील माणसांना द्यावे लागते, ही जाणीव या कथेत आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव होते आणि अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ख्रिस्ती धर्मगुरू होते. त्यांच्या निवडीवर बरेच वादंगही माजले. फादर स्टीफन्सांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले असताना, चार शतकांनंतर ख्रिस्ती लेखकाच्या मराठीपणाविषयी शंका निघावी, हे आश्चर्याचे आहे. त्या वादात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव वारंवार घेतले गेले. पण ते कवी म्हणून. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे गृहस्थ म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी व्यासपीठावर लागली नाही, ती स्वयंपाकघरात लागली. आणि तिला जो देशी, घरगुती आकार आला तो त्यांच्या संसारातून आला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या अभ्यासात एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. टिळकांच्या घराविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील फार मोठा भाग लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून आलेला आहे. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मुलगा देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी साहित्य हवे होते, त्या निमित्ताने लक्ष्मीबाई लिहू लागल्या. म्हणजे टिळकांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीतून त्यांच्या पत्नीचे आत्मचरित्र जन्माला आले. लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी इतकी प्रभावी आहे की वाचक हसता हसता त्या संसारातील हालअपेष्टा विसरतो. अभ्यासकाने तसे विसरून चालत नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. (लोकमान्यांशी असलेल्या आडनावाच्या साम्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून येथे एवढेच नोंदवतो की दोघांची घराणी वेगळी.) आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या, वडील वामनराव कठोर. आईच्या मृत्यूनंतर नारायणने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजी शाळेतील शिक्षण थोडेच. आईविषयीची ओढ आणि घर सोडून निघून जाण्याची सवय, या दोन गोष्टी त्यांनी बालपणातून बरोबर आणल्या, आणि त्या जन्मभर त्यांच्यासोबत राहिल्या.

विवाह झाला तेव्हा नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका जेमतेम अकरा वर्षांची होती. सासरी ती लक्ष्मी झाली. तिच्या माहेरची हकीकत या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८५७ च्या बंडानंतर तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याचे असे वेड शिरले की घरातील वस्तू धुण्यातच सगळ्यांचा दिवस जावा. म्हणजे विटाळ हा लक्ष्मीबाईंच्या बाबतीत केवळ रूढीचा भाग नव्हता. बालपणीच्या भयाशी तो जोडलेला होता. पुढे पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांना काय ओलांडावे लागले असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

संसाराची पहिली वर्षे भटकंतीची होती. शिक्षकी, कीर्तन, छापखान्यातील काम असे नाना उद्योग टिळकांनी केले. पत्नीला न सांगता निघून जावे आणि काही काळाने परत यावे, हेही चाले. या काळात त्यांची मुले दगावली. १८९१ साली जन्मलेला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त, तेवढा वाचला. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम मिळाले आणि ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी चालवले. हिंदू धर्मात सुधारणा करू पाहणारा, जातिभेदाने अस्वस्थ झालेला हा पंडित १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असता डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने बायबल हाती दिले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. हा प्रवासी अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी होता असे सांगतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी टिळक थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात घेऊन घेतला नाही. चरित्रकार या गोष्टीची चर्चा परिस्थितीच्या अपरिहार्यतेकडे बोट दाखवून मिटवतात. तसे करणे योग्य वाटत नाही. नातलगांना कळले असते तर बाप्तिस्मा झालाच नसता, हे खरे. परंतु सत्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्या पुरुषाने जे सोडले त्यात दुसऱ्या एका माणसाचे सर्वस्व होते, हेही तितकेच खरे आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नवरा जिवंत असूनही समाजाच्या लेखी नवरा नसलेली स्त्री, पदरी तीन-चार वर्षांचे मूल, आणि राहायचे ते नातलगांच्या आश्रयाने. लक्ष्मीबाईंचा या काळातील काही मुक्काम पंढरपुरात बहिणीकडे झाला. गोरोबांचा मोडलेला संसार ज्या गावी सांधला गेला असे परंपरा सांगते, त्याच गावी टिळकांचा संसार मोडलेल्या अवस्थेत होता.

सुमारे साडेचार वर्षे हा वियोग टिकला. याच काळात लक्ष्मीबाईंनी पहिल्या कविता रचल्या. लिहायला-वाचायला त्यांना टिळकांनीच शिकवले होते आणि जोडाक्षरांशी त्यांचे वैर अखेरपर्यंत मिटले नाही. पतीने दिलेली अक्षरे पतीच्या विरहात कामी आली. टिळकांची पत्रे येत. त्यांत कधी विनवणी असे, कधी संताप. येथे कायद्याची एक बाजू लक्षात घेतली पाहिजे. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदासंबंधीचा कायदा १८६६ सालापासून अमलात होता. धर्मांतराच्या कारणावरून जोडीदार सलग सहा महिने सहवास नाकारत असेल तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयामार्फत विवाहातून मोकळे होता येई. टिळकांना ही वाट खुली होती, पण त्यांनी ती धरली नाही. नवख्या ख्रिस्ती माणसाने, ज्याच्याभोवती सर्व मंडळी नव्या समाजातील होती, जुन्या विवाहाला असे चिकटून राहावे, यातच त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप कळते. कायद्याने पत्नी त्यांच्यापासून सुटू शकत होती, त्यांच्या मनातून ती सुटली नव्हती.

लक्ष्मीबाई पतीकडे आल्या त्या पत्नी म्हणून; ख्रिस्ती म्हणून नव्हे. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, त्यांनी वेगळी चूल मांडली. स्वतःचे पाणी स्वतः भरावे, आपले अन्न आपण शिजवावे, सोवळे पाळावे. अमेरिकन मराठी मिशनच्या पाठशाळेत ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या माणसाच्या घरी पत्नी त्याच्या हातचे पाणी पीत नाही, हे दृश्य मिशनच्या आवारात किती विलक्षण दिसले असेल! टिळक स्वभावाने उतावळे, रागीट. एरवी क्षुल्लक गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारे. परंतु या एका बाबतीत त्यांनी जो धीर धरला तो त्यांच्या स्वभावात बसणारा नव्हता. त्यांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन प्रवचन ऐकून झाले नाही. त्या एकट्याच विचार करीत बसल्या असता, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला; माणसाने केली असे उत्तर मिळताच आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ असे त्यांनी ठरवले. धर्मशास्त्रीय सिद्धांत नंतर आले, पाणी आधी आले. वडिलांच्या घरातील ते धुण्याचे वेड ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. १९०० साली त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. प्रस्तुत लेखकास असे वाटते की या घरात ख्रिस्ती धर्म दोनदा आला. पहिल्यांदा तो ग्रंथातून टिळकांकडे आला, दुसऱ्यांदा तो तांब्यातून लक्ष्मीबाईंकडे आला. आणि टिळकांच्या पुढील काव्यात जो जिव्हाळा दिसतो तो या दुसऱ्या आगमनानंतरचा आहे.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांच्या नावामागे रेव्हरंड ही पदवी लागली. पण पाळकाचे घर कसे होते? पगार हाती आला की तो घरी पोहोचेपर्यंत उरेलच असे नाही. गरजू दिसला की खिसा रिकामा. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर अनाथ मुलांचा प्रश्न त्या सर्व भागापुढे उभा राहिला. टिळकांच्या घरीही अशी मुले आली, आणि तारा ही तर मुलगीच होऊन राहिली. दाता टिळक, पण दानाचा हिशेब चुलीपाशी. आणलेल्या पोराला न्हाऊ-माखू घालणे, त्याचे आजारपण काढणे, संपलेल्या पिठाच्या डब्याकडे पाहून तोड काढणे, हे सर्व लक्ष्मीबाईंकडे. टिळकांच्या औदार्याचे वर्णन करताना त्याचा अर्धा वाटा त्यांच्या नावे मांडावयास हवा.

‘माझी भार्या’, ‘बापाचे अश्रू’ या कवितांची शीर्षके पाहिली तरी कळते की हा कवी घराबाहेर विषय शोधायला गेला नाही. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख रूढ आहे, पण तिच्यात एक प्रकारचे सुलभीकरण आहे. ज्या माणसाने आपली मुले गमावली आणि दुसऱ्यांची घरी आणली, त्याच्या कवितेतील मूल हे केवळ निरागसतेचे प्रतीक उरत नाही.

चर्चमधील उपासनेच्या संदर्भातही हेच सूत्र दिसते. मराठी मंडळ्यांत त्या काळी इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा वरचष्मा होता. नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्या आधीपासून होत असे, हे मान्य करूनही असे म्हणता येते की अभंग, ओवी आणि पदे यांना ख्रिस्ती भक्तीची सहज भाषा केले ते टिळकांनी. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ताला ते गुरू म्हणत आणि माउलीही म्हणत. वारकऱ्याला यात काहीच नवल वाटणार नाही, पण मिशनच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला ते निश्चितच नवे होते. लहानपणी अंतरलेली आई या संबोधनात परत आली असावी, हा तर्क अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्यांची ही पदे ‘उपासना संगीत’मधून मराठी चर्चमध्ये गायिली जातात.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाची कविता सर्वांनी ऐकली आणि तो बालकवी झाला. टिळकांनी त्याला नगरला आणले. घरात एक मुलगा वाढला, एवढेच लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने झाले. पाळकाच्या घरी राहिलेला ब्राह्मण मुलगा बाटणार, अशी कुजबुज होणे स्वाभाविक होते. परंतु बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. पत्नीच्या बाबतीत टिळकांनी जो संयम शिकून घेतला होता, तो येथे कामी आला असे मानावयास जागा आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. त्यानंतर टिळकांना जेमतेम एक वर्ष लाभले.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. चर्चच्या शिस्तीला हा विचार रुचणे कठीणच होते. या कल्पनेचे मूळ पुष्कळांनी शास्त्रग्रंथांत शोधले आहे. पण बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेली अशा दोघांनी एकाच आवारात, दोन चुलींवर, एकमेकांची वाट पाहत काढलेले दिवस टिळकांनी स्वतः अनुभवले होते, हे विसरता कामा नये. हा संन्यासही संसार सोडून घेतलेला नव्हता. पूर्वी न सांगता निघून जाणारा हा माणूस या खेपेस पत्नीसह निघाला.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या नियोजित महाकाव्याचे सुमारे दहा अध्याय तेवढे लिहून झाले होते. हे काम पंडिताचे, संस्कृताचे संस्कार असलेल्या लेखणीचे. ते पुढे नेण्यास लक्ष्मीबाई सरसावल्या. मधल्या काळात उपजीविकेसाठी त्यांनी वसतिगृहाची व्यवस्था पाहिली, मुलाच्या संसारात कराचीला राहिल्या, तेथे कीर्तने केली आणि ओवी ओवी करीत चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली देवदत्तांनी प्रसिद्ध केले, तेव्हा ते लिहिणारे दोघेही हयात नव्हते.