टिपूच्या कैदेतून सुटलेल्या मराठी ज्यू सैनिकाने बांधली मुंबईतली 'जुनी मशीद'

सेंट्रल लाइनवर सीएसएमटी सोडलं की पहिलं स्टेशन लागतं मस्जिद. हे नाव कुठल्या मशिदीवरून पडलं असं विचारलं तर भले भले मुंबईकर गडबडतात. कारण ज्या इमारतीवरून हे नाव आलं असं मानलं जातं, ती मुसलमानांची मशीद नाहीच. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, सिनेगॉग. आणि ते बांधणारा माणूस घरी मराठी बोलायचा.

त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. ज्यू नाव सॅम्युअल इझिकेल.

सामाजी बेने इस्राएल समाजाचे. पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून कोकणात आले, अशी या समाजाची श्रद्धा. गावोगाव हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावावरून आडनावं पडली. दिवेकर त्यातलंच एक.

अठराव्या शतकात यातली बरीच घरं मुंबईत आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणींत भरती झाली. याच मुंबईच्या फौजेला जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी वडगाव मावळला शरण यायला लावलं होतं. वडिवळ्यापासून ते ठिकाण काही फार लांब नाही. सामाजी या फौजेत कमांडंट झाले. देशी माणसाला तेव्हा याहून वरचा हुद्दा मिळत नसे.

पण देवाचं काय? ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. मोहिमेवर असलेल्या पलटणीत दहा जण कुठून गोळा करायचे? मुंबईतही सिनेगॉग नव्हतं, जे काही व्हायचं ते घरातच.

१७८० ला इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरं युद्ध पेटलं. सामाजी आणि त्यांचा भाऊ टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती लागले. हे साधं संकट नव्हतं. याच युद्धात बेदनूरला शरण आलेला मुंबई फौजेचा सेनापती जनरल मॅथ्यूज श्रीरंगपट्टणच्या कैदेतच मेला.

पुढची गोष्ट बेने इस्राएल घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात विचारली, तेव्हा सामाजींनी 'बेने इस्राएल' असं सांगितलं. टिपूच्या आईने ते ऐकलं. कुराणात बनी इस्राईल हे नाव वारंवार येतं, पण असा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तिने रदबदली केली आणि जीव वाचला. कैदेतच सामाजींनी नवस केला म्हणतात, की सुटलो तर देवाचं घर बांधीन. दरबारात नेमकं काय घडलं त्याची नोंद दाखवता येणार नाही, नवसाचं फळ मात्र डोंगरीजवळ उभं राहिलं.

१७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएलांचं हे पहिलं आणि मुंबईतलंही पहिलंच. नाव 'शार हरहमीम', म्हणजे दयेचं दार. मरणाच्या दारातून परतलेल्या शिपायाने दुसरं काय नाव ठेवलं असतं!

इमारत झाली, पण सिनेगॉगला सेफेर तोरा लागतो. चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची ही गुंडाळी. तीन लाखांहून जास्त अक्षरं, आणि त्यातलं एकही चुकून चालत नाही. कोचीनच्या ज्यूंकडे अशा गुंडाळ्या होत्या. त्या मिळवायला सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. बांधलेल्या सिनेगॉगमध्ये त्यांना जेमतेम वर्षभरच प्रार्थना करता आली असेल.

बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला सरळ 'मशीद'च म्हणायचे. पुढे शहरात दुसरं सिनेगॉग झालं, तेव्हा सामाजींचं ते 'जुनी मशीद' ठरलं. १८६० मध्ये ते आजच्या जागी नव्याने बांधलं गेलं. तो रस्ता सामाजींच्याच नावाने ओळखला जातो, सॅम्युअल स्ट्रीट. १९४८ नंतर समाजातली बहुतेक घरं इस्राएलला गेली, 'दयेचं दार' मात्र मस्जिद स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर अजून उभं आहे.