टाके निघाले, पण जखम भरली का? गुरू गोविंदसिंगजींचे नांदेडमधले अखेरचे दिवस

नांदेडच्या हुजूर साहिबला तुम्ही कधी ना कधी माथा टेकवला असेल. तिथे ज्यांचं स्मरण होतं त्या गुरू गोविंदसिंगजींचा जन्म १६६६ साली पाटण्याचा. वडील गुरू तेगबहादूर यांच्या हौतात्म्यानंतर वयाच्या नवव्या वर्षी ते गुरुगादीवर आले. १६९९ मध्ये त्यांनी आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला. मुघलांशी झालेल्या संघर्षात चारही मुलं गमावली. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहासोबत ते दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी नांदेडला थांबले.

इथेच एका पठाणाने त्यांच्यावर हल्ला केला. घाव हृदयाच्या खाली लागला, असं शीख परंपरा सांगते. शल्यवैद्याने जखम शिवली. त्या काळात ना आजच्यासारखी भूल होती, ना अँटिबायोटिक्स. तरीही जखम भरत आली. मग काही दिवसांनी एक दणकट धनुष्य ताणताना ती पुन्हा उघडली आणि खूप रक्त गेलं. गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवून ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला. भाविक यात ईश्वराची इच्छा पाहतात. मी इथे फक्त जखमेबद्दल बोलतो.

धनुष्य ताणताना हात, खांदा, छाती आणि पोट असे सगळे स्नायू एकदम आवळतात. तुम्ही सोयाबीनचं पोतं उचलता तेव्हाही तेच होतं. बाहेरून कातडी जुळलेली दिसते, पण दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ ताकदीच्या साधारण दहा टक्केच ताकद असते. सहा आठवड्यांनी ती निम्म्याच्या आसपास जाते, तर तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत. टाके मात्र सात ते चौदा दिवसांत निघतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

म्हणून खाटेवर पडून राहायचं का? मुळीच नाही. घरचे लोक मायेपोटी पेशंटला पाणीसुद्धा जागेवर देतात, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांची परवानगी मिळाली की पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच घरात चाला. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले श्वासाचे व्यायाम करा. पोटाचं ऑपरेशन असेल तर खोकताना उशी जखमेवर दाबून धरा. भरलेली घागर, सिलिंडर, कडेवरचं नातवंड हे साधारण सहा आठवडे दुसऱ्यांवर सोपवा. गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या ऑपरेशननंतरचे नियम वेगळे असतात, ते तुमच्या सर्जनकडूनच घ्या.

पट्टी अचानक गुलाबी पाण्याने भिजली, जखमेत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं किंवा टाक्यांजवळ फुगवटा आला, तर हळद लावत बसू नका. स्वच्छ ओलं कापड ठेवा, आडवे व्हा आणि त्याच वेळी दवाखान्यात निघा.