पंगतीबाहेरचा मेघनाद आणि ताऱ्यांचा उजेड

आकाशातील ग्रहताऱ्यांचे भय दाखवून आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लुबाडले गेले. लग्नाचा मुहूर्त, पत्रिकेतील मंगळ, मागे लागलेली साडेसाती, ग्रहणाचे दान या साऱ्यांचा हिशेब पोथीत आणि वसुली आमच्या आजोबांच्या फाटक्या खिशातून, असा हा व्यवहार होता. त्याच आकाशातील तारे प्रत्यक्षात कशाचे बनले आहेत आणि किती तापलेले आहेत, हे वाचण्याची किल्ली ज्या माणसाने जगाच्या हाती दिली तो माणूस मात्र व्यवस्थेने खालची ठरविलेल्या जातीत जन्मला होता. त्यांचे नाव डॉ. मेघनाद साहा.

नांदेड-लातूरच्या वाचकांपुढे आज साहांचे चरित्र ठेवण्यास आणखी एक कारण आहे. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी करण्याचे ठरले आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर एकमेकांवर आदळणाऱ्या कृष्णविवरांची थरथर तेथे मोजली जाणार आहे. या वेधशाळेच्या फाटकातून आमची मुले कोणत्या नात्याने आत जाणार, हा आमचा प्रश्न आहे. साहांच्या आयुष्यात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

मेघनाद साहांचा जन्म 6 ऑक्टोबर 1893 रोजी ढाक्याजवळच्या शेओरातली या खेड्यात झाला. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा ते अडीच वर्षांनी लहान. आज हा भाग बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ साहा किराणा दुकान चालवीत. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. थोडे लिहिता-वाचता आले की मुलाला दुकानात बसवायचे, असा वडिलांचा विचार होता. पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर आणि तेथे राहण्याचा खर्च करण्याची घरची ऐपत नव्हती. थोरले भाऊ जयनाथ यांनी धडपड करून एक डॉक्टर गाठले. अनंतकुमार दास हे त्यांचे नाव. त्यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. त्याने आपली ताटवाटी स्वतः धुवायची आणि गाईची देखभाल करायची, एवढीच अट. जयनाथ ताग कारखान्यात नोकरी करीत. त्यांचा पगार महिन्याला 20 रुपये. त्यातले 5 रुपये ते धाकट्या भावाला पाठवीत. एका शास्त्रज्ञाच्या पायाखाली असा एका कामगाराचा घाम असतो, हे आम्ही विसरता कामा नये.

शिष्यवृत्ती मिळवून मेघनाद 1905 मध्ये ढाक्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो वंगभंगाचा काळ. इंग्रज गव्हर्नर शाळेला भेट देणार होता आणि विद्यार्थ्यांनी त्यावर बहिष्कार घातला. मेघनाद त्यात सामील होते. शाळेने त्यांना काढून टाकले आणि शिष्यवृत्तीही गेली. गरिबाच्या मुलाची शिष्यवृत्ती जाते तेव्हा त्याचे अख्खे शिक्षणच पणाला लागते. सुदैवाने दुसऱ्या एका खासगी शाळेने त्यांना घेतले आणि मुलगा तरला.

1911 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक, सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखा वर्गमित्र. वर्गात सारे ठीक होते. वसतिगृहात मात्र जात आडवी आली. या मुलासोबत एका भोजनगृहात जेवायला काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवण्यात आले. विद्येच्या देवतेची पूजा करणाऱ्यांना वर्गातील हुशार मुलाचा विटाळ होत होता! अखेर मेघनादांनी ते वसतिगृह सोडले. त्यांच्याबरोबर काही मित्रही बाहेर पडले, हे येथे नमूद केले पाहिजे. 1913 ला बी.एस्सी. आणि 1915 ला एम.एस्सी., दोन्ही परीक्षांत ते विद्यापीठात दुसरे आले.

पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात ते शिकवू लागले. प्रयोगशाळा अपुरी, उपकरणे जेमतेम. साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील लेख जर्मनमधून इंग्रजीत आणले आणि विद्यापीठाने ते 1920 मध्ये छापले. त्याच वर्षी साहांचा तो जगप्रसिद्ध निबंध लंडनच्या एका विज्ञानपत्रिकेत आला. त्या सुमारास ते शिष्यवृत्तीवर लंडनला गेले आणि तेथून बर्लिनला. बाबासाहेबही त्याच सुमारास लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते.

या निबंधात होते तरी काय? ताऱ्याचा उजेड काचेच्या लोलकातून नेला की त्याचा सप्तरंगी पट्टा पडतो. या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. सोडियमच्या वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या. हे 1860 च्या सुमारासच कळले होते. पण कोडे वेगळेच होते. एका ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक दिसत, दुसऱ्यात कॅल्शियमच्या, तिसऱ्यात आणखी कशाच्या. मग प्रत्येक ताऱ्याची माती वेगळी म्हणायची काय?

साहांनी सांगितले की फरक मुख्यतः आचेचा आहे. चुलीवरच्या लाह्यांचे उदाहरण घ्या. आच कमी असेल तर चार दाणे फुटतात, आच वाढली की भराभर फुटतात, आणि प्रत्येक धान्याला फुटायला वेगळी आच लागते. अणूचेही तसेच आहे. उष्णता वाढली की अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. कॅल्शियममधून तो लवकर सुटतो, हायड्रोजनला जास्त आच लागते, हेलियमला त्याहून जास्त. इलेक्ट्रॉन सुटला की त्या अणूच्या रेषाही बदलतात. दाबाचाही यात हात असतो. माळेगावच्या जत्रेत गर्दी दाट असली की सोबतीपासून सुटलेला माणूस लगेच दुसऱ्या कुणाला तरी धडकतो, मोकळ्या माळावर तो एकटाच फिरत राहतो. दाट वायूत सुटलेला इलेक्ट्रॉन असाच पुन्हा कुठल्या तरी अणूत अडकतो, विरळ वायूत सुटाच राहतो. तापमान किती आणि दाब किती हे माहीत असेल तर किती अणू फुटलेले असतील, हे सांगणारे सूत्र साहांनी मांडले. जग त्याला साहा समीकरण म्हणते.

सूत्र खरे की खोटे, याची परीक्षाही झाली. रुबिडियम या धातूच्या रेषा सूर्याच्या प्रकाशात दिसत नव्हत्या. साहांचे म्हणणे होते की रुबिडियमचा इलेक्ट्रॉन फार लवकर सुटतो, म्हणून सूर्याच्या तप्त पृष्ठभागावर त्याच्या मूळ रेषा पुसल्या जातात. सूर्यावरील डाग तुलनेने थंड असतात, तेथे शोधा. अमेरिकेत रसेल यांनी शोध घेतला आणि डागांमध्ये त्या रेषा सापडल्या. 1925 मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हेच सूत्र घेऊन सिद्ध केले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. पेन केंब्रिजमध्ये शिकल्या होत्या आणि त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. त्यांचा निष्कर्षही आधी बड्या शास्त्रज्ञांनी अविश्वसनीय ठरविला आणि नंतर निमूटपणे मान्य केला. एकाला जातीने अडविले, दुसरीला बाईपणाने. विश्वाची घडण मात्र या दोघांनी उलगडली.

आजचे खगोलशास्त्र याच वाटेने पुढे गेले आहे. एखादा तारा स्फोट होऊन फुटतो तेव्हा शास्त्रज्ञ प्रथम त्याच्या प्रकाशाचा पट्टा घेतात. त्यात हायड्रोजनच्या रेषा असतील तर स्फोट एका प्रकारचा, नसतील तर दुसऱ्या. रेषा किती सरकल्या यावरून तेथील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फेकला जातो आहे, हे कळते. दूरच्या दीर्घिकांच्या रेषा लाल रंगाकडे सरकलेल्या असतात, त्यावरून त्या आपल्यापासून किती वेगाने दूर जात आहेत हे समजते. कृष्णविवर तर दिसतच नाही, त्यातून उजेड सुटत नाही. पण हंस तारकासमूहात एक निळा तारा आहे. त्याच्या रेषा दर 5.6 दिवसांनी पुढे-मागे झुलतात. म्हणजे तो कुणाभोवती तरी फिरतो आहे आणि तो जोडीदार अदृश्य आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी या झुलण्यावरून जोडीदाराचे वजन काढले गेले आणि कृष्णविवराचा पहिला भक्कम पुरावा मिळाला. त्या कृष्णविवरात ओढला जाणारा वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात.

हे क्ष-किरण आपले वातावरण अडविते, जमिनीवर ते पोहोचत नाहीत. यासाठी दुर्बीण वर न्यावी लागते. सूर्याच्या अतिनील किरणांबाबत हीच अडचण ओळखून, वातावरणाच्या वरच्या थरात वेधशाळा हवी असा निबंध साहांनी 1937 मध्येच लिहिला होता. तेव्हा अवकाशयुग सुरूही झाले नव्हते. भारताने 28 सप्टेंबर 2015 रोजी ॲस्ट्रोसॅट ही दुर्बीण अवकाशात पाठविली. तिच्या दोन आठवडे आधी, 14 सप्टेंबर 2015 रोजी, अमेरिकेतील लायगो यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. त्यात उजेडाची गरजच नव्हती. चार-चार किलोमीटर लांब दोन भुजांमध्ये लेसर किरण सोडून, लांबीत झालेला अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म फरक त्यांनी मोजला. त्याच जातीचे यंत्र औंढ्याला बसणार आहे.

साहा 1927 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेलसाठी त्यांची अनेकदा शिफारस झाली, पण पारितोषिक मिळाले नाही. ते प्रयोगशाळेत कोंडून घेणारे शास्त्रज्ञ नव्हते. 1943 मध्ये दामोदर नदीला महापूर आला तेव्हा चौकशी समितीवर साहा होते आणि अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याचा विकास करावा, असा त्यांचा आग्रह होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात या योजनेला आकार देणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दामोदर खोरे महामंडळ 1948 मध्ये स्थापन झाले. एकाने विज्ञानाच्या बाजूने आणि दुसऱ्याने राज्यकारभाराच्या बाजूने या कामाला हात लावला, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात क्वचितच भेटतो.

साहा आंबेडकरी चळवळीतले नव्हते, त्यांना ओढूनताणून आपल्यात बसविण्याची आम्हाला गरज नाही. पण पोथीप्रामाण्यावर त्यांनी निर्भीडपणे आघात केले. ढाक्यातील एका वकिलाने त्यांचा शोध ऐकून, हे सारे वेदांत आधीच आहे असे सांगितले. कोणत्या वेदात, कोठे, असे साहांनी विचारले तेव्हा वकिलांनी वेद वाचलेलेच नव्हते! साहांनी मग स्वतः प्राचीन ग्रंथ धुंडाळले आणि त्यात आधुनिक विज्ञान सापडत नाही, हे लिहून जाहीर केले. 1952 मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. देशभरातील सुमारे 30 पंचांगे तपासली गेली आणि त्यांतील ऋतूंचा हिशेब प्रत्यक्ष आकाशापेक्षा 23 दिवसांनी चुकतो, असे दिसून आले. समितीच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ते पाहण्यास साहा नव्हते. 16 फेब्रुवारी 1956 रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबही गेले.

आता आपल्या दाराशी येऊ. निजामाच्या काळात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजून नोंदविल्या गेल्या. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच राज्यात होते. आमच्या वस्तीतील कोणाला त्या दुर्बिणीच्या जवळपास तरी जाता आले असते काय? औंढ्याच्या बाबतीत तसे घडू द्यायचे नसेल तर तयारी आज केली पाहिजे. लातूर पॅटर्नने डॉक्टर आणि इंजिनिअर घडविले, त्याचा अभिमान आहेच. पण मूलभूत विज्ञानाकडे जाणारी आमची मुले हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. घरात पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाला दहा वर्षे शिकत राहणे परवडत नाही, हे खरे कारण आहे. त्यावर उपायही साहांच्या चरित्रातच आहे. भावाचे पाच रुपये, डॉक्टरच्या घरचा आसरा आणि वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती, या तीन गोष्टींवर तो मुलगा उभा राहिला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती याच गरजेतून.

म्हणून आमचे सांगणे आहे की जयंतीच्या वर्गणीतील काही वाटा भौतिकशास्त्र आणि गणित शिकणाऱ्या दोन-चार मुला-मुलींसाठी बाजूला काढा. शिष्यवृत्ती रखडली तर ते एकट्या विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे समजू नका, वस्तीने मिळून कार्यालयाच्या पायऱ्या चढा. बी.एस्सी.ला असलेल्या मुलांना पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्था एकदा तरी दाखवून आणा, आणि आयआयटीच्या जॅम परीक्षेची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवा. औंढ्याच्या वेधशाळेला चौकीदार लागतील, सफाई कामगार लागतील, ते आपल्यातूनच मिळतील याची व्यवस्थेला खात्री आहे. तिला शास्त्रज्ञही लागणार आहेत. ते कोणत्या वस्तीतून येतील हे पत्रिकेतील ग्रह ठरविणार नाहीत. ते आपण या पाच-दहा वर्षांत काय करतो यावर ठरेल.