चित्र अस्सल आहे असं सांगणाराच विकणाऱ्याचा पार्टनर निघाला

सोनं कसोटीवर घासून बघता येतं. 400 वर्षं जुन्या चित्राचं काय करणार? मग शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले धनाढ्य लोक लाखो डॉलर मोजून इटलीतली जुनी चित्रं घ्यायचे, ते कुणाच्या भरवशावर?

बऱ्याचदा एकाच माणसाच्या. बर्नार्ड बेरेन्सन.

जन्म 1865 चा, आजच्या लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबात. तो दहा वर्षांचा असताना कुटुंब बॉस्टनला आलं. वडील फिरून भांडी विकायचे, पण पोरगा हुशार निघाला आणि हार्वर्डला पोचला. 1887 मध्ये शिक्षण संपल्यावर इझाबेला स्टुअर्ट गार्डनर या श्रीमंत बाईंनी आणि इतरांनी पैसे जमवून त्याला युरोपला धाडलं.

तिथे तो एक विद्या शिकला. चित्रावर सही नसली तरी कान, बोटं, कपड्यांच्या चुण्या कशा काढल्यात यावरून चित्रकार ओळखायचा. ही पद्धत मूळची मोरेल्ली या इटालियन अभ्यासकाची. बेरेन्सनने 1894 पासून पुस्तकं लिहिली, त्यांत कुठलं चित्र कुणाचं याच्या याद्या दिल्या आणि बाजारात त्याचा शब्द म्हणजे शिक्कामोर्तब झालं.

गार्डनरबाईंसाठीही तो चित्रं शोधायचा. 1896 मध्ये तिशियनचं 'युरोपा' त्यानेच त्यांना मिळवून दिलं. त्यांच्याकडून 5 टक्के दलाली ठरलेली. पण काही सौद्यांत विकणाऱ्या पेढीच्या नफ्यातही त्याचा वाटा असायचा, आणि हे बाईंना माहीत नव्हतं.

खरा खेळ सुरू झाला 1912 मध्ये. त्या काळचा सगळ्यात मोठा आर्ट डीलर जोसेफ डुवीन याच्याशी त्याने गुप्त करार केला. बेरेन्सनने चित्र तपासायचं, डुवीनने विकायचं आणि नफ्यातले 25 टक्के बेरेन्सनचे. आता गणित बघा. तेच चित्र शिष्याचं ठरलं तर किंमत थोडकी, गुरूचं ठरलं तर अनेक पटींनी जास्त. गिऱ्हाईक समजायचं, हा तटस्थ विद्वान आहे.

मग त्याने सरसकट खोटं सांगितलं का? नाही. त्याचे कितीतरी निर्णय आजही टिकून आहेत. कुठे सैल सोडलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण घेणाऱ्याला हितसंबंध सांगितलेच नाहीत, तर निर्णय बरोबर असूनही तो फसवलाच गेला ना? लंडनमध्ये 1918 साली जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली, तरी करारातला हा वाटा गिऱ्हाइकापासून लपलेलाच राहिला.

गंमत म्हणजे ही भागीदारी मोडली ती एका नकारावरून. 1937 मध्ये डुवीनला येशूजन्माचं एक चित्र जॉर्जोनेचं म्हणून विकायचं होतं. जॉर्जोनेची चित्रं फार थोडी, म्हणून भाव चढा. बेरेन्सन म्हणाला, हे तिशियनचं. दोघांचं फाटलं ते कायमचं. चित्र सॅम्युअल क्रेस या उद्योगपतीने घेतलं.

डुवीन 1939 मध्ये गेला. बेरेन्सन 1959 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी. फ्लॉरेन्सजवळचं आपलं घर आणि ग्रंथसंग्रह त्याने हार्वर्डला दिला. कराराचे तपशील लोकांसमोर आले ते त्यानंतर. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि पाटीवर नाव आहे जॉर्जोनेचं.