ड्रॉइंगच्या मास्तरांची लोखंडी गोष्ट

मिरज जंक्शनवरून पुण्याकडे जाणारी पॅसेंजर पकडा. सांगली, नांद्रे, भिलवडी मागे पडलं की किर्लोस्करवाडी येतं. आपल्यातले कितीतरी जण कॉलेजसाठी या मार्गावर रोज अप-डाऊन करतात. पण या स्टेशनचं नाव आधी कुंडल रोड होतं, आणि ते एका ड्रॉइंगच्या मास्तरांमुळे बदललं, हे किती जणांना माहितीय?

ते मास्तर म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. शाळेत मन रमायचं नाही. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. वडिलांचा विरोध होता, तरी थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी कळलं की त्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

पण मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, रेघ अचूक लागते. ती त्यांच्या हातात होती. त्या जोरावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. यंत्रं कशी चालतात, धातू कसा वागतो, हे ते तिथं शिकवता शिकवता शिकले. जोडीला एक साईड बिझनेसही होता. मुंबईहून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या. तिकडे रामुअण्णा त्या विकायचे, वर सायकल चालवायलाही शिकवायचे!

मग बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्यांनी राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं.

तिथं आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. आपला जुना लाकडी नांगर जमीन नुसती चिरत जायचा. लोखंडी नांगर माती खालून उचलून उलटी करतो. फायदा उघड होता, तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, असा समज होता. आणि शेतकऱ्याचं तरी काय चुकलं? फाळ दगडावर आपटून तुटला तर ऐन हंगामात त्यानं कुठं जायचं?

मेकॅनिकलवाल्यांना यातली गोम लगेच कळेल. ओतीव लोखंड झटकन थंड केलं तर कडक होतं, पण ठिसूळही होतं. सावकाश थंड केलं तर मऊ राहतं आणि लवकर झिजतं. फाळाला झीज सोसायची असते आणि दगडाचा मारही. आज असा प्रश्न आला तर तो टेस्टिंग लॅबकडे नेता येतो. लक्ष्मणरावांकडे होती परदेशी मासिकं, स्वतःची भट्टी आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी. तीच त्यांची लॅब.

कारखाना जरा स्थिरावतोय तोवर बेळगावच्या म्युनिसिपालिटीने जागा सोडायला सांगितलं. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज आणि कुंडल रोडजवळ ३२ एकर जमीन. जमीन कसली, निवडुंगाचं रानच. १० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीची सुरुवात. सोबत पंचवीसेक कामगार. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथं कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले गेले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी मॅनेजर झाले. तुरुंगातून सुटून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले!

पुढे लक्ष्मणरावांनी मुलाला, शंतनुरावांना, अमेरिकेच्या एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला पाठवलं. १९२६ मध्ये ते शिकून परतले. त्याच वर्षी कारखान्याने सेंट्रिफ्यूगल पंप बनवला. निम्मं आयुष्य स्वतः चुकत-माकत शिकलेल्या माणसाला विद्यापीठाची किंमत बरोबर कळली होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले.

आज स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात धातू घडवण्याच्या संशोधनाचं खास केंद्र आहे. २००९ मध्ये ते सुरू झालं तेव्हा रोल्स-रॉइस आणि बोईंग सोबत होते. कंपनी अडचण घेऊन येते, विद्यापीठाची माणसं प्रयोग करतात. प्रयोग फसला तरी कारखाना बुडत नाही. लक्ष्मणरावांना असा आधार नव्हता. प्रत्येक फसलेला फाळ त्यांच्याच खिशातून जायचा.

आपल्याकडे एका बाजूला मिरज आणि कुपवाडची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला १९४७ पासूनचं वालचंद कॉलेज. अंतर रिक्षाने जाण्याइतकं. तरी आपल्यातल्या अनेकांचा फायनल इयरचा प्रोजेक्ट सिनिअरच्या फाईलमधूनच येतो. खोटं नाही सांगत, माझाही तसाच आला होता. यंदा सबमिशनच्या आधी एकदा एखाद्या फाउंड्रीत जाऊन या. तिथल्या भट्टीवाल्या काकांना विचारा, काय बिघडतं आणि का बिघडतं. प्रोजेक्टचा विषय तिथंच मिळेल.